पोशाखाचे गुण

आमच्या इस्लापूरला बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी. एक गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि दुसरा, रमजान उन्हाळ्यात आला तर, इफ्तारच्या आधी बाजारात भुश्यात झाकून ठेवलेल्या लाद्यांच्या रूपात. सहस्रकुंडला पैनगंगा एवढ्या जोराने कोसळते, पण ती कधी गोठल्याचे कुणी ऐकलेले नाही. अशा गावात राहून मी बर्फावरच्या फिगर स्केटिंग या खेळातील पोशाखावर लिहावे हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण ज्या गोष्टीवरून त्या खेळात शंभराहून अधिक वर्षे वाद चालला आहे, तीच गोष्ट आमच्याकडे घराघरात मुलगी बारा वर्षांची झाली की सुरू होते. तिने काय घालायचे, आणि ते ठरवायचे कुणी?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बुटाच्या तळाला पोलादी पाते लावून, संगीताच्या तालावर, गोठवलेल्या मैदानावर काही मिनिटे खेळाडू घसरतात, गिरक्या घेतात, हवेत उडी मारून तीन-तीन, चार-चार फेरे घेतात आणि एका पायावर उतरतात. कडेला बसलेले पंच गुण देतात. पोशाखाला वेगळे गुण नाहीत, पण पोशाखामुळे गुण जाऊ शकतात. पोशाख सभ्य असावा, खेळाला शोभेल असा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, अशा अर्थाचा नियम आहे. नियम मोडला असे पंचांना वाटले तर एक गुण कापतात. पोशाखावरचा एखादा भाग निखळून बर्फावर पडला तरी एक गुण जातो. सगळी गंमत ‘सभ्य’ या एका शब्दात आहे. उडीचे फेरे मोजता येतात. सभ्यता कशाने मोजणार?

या मोजमापाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. 1902 साली लंडनला जागतिक स्पर्धा भरली. त्यात मॅज सायर्स नावाची इंग्रज बाई पुरुषांच्या बरोबरीने उतरली, कारण स्त्रियांनी येऊ नये असे नियमात कुठे लिहिलेलेच नव्हते. लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती! ती दुसरी आली. मग मात्र नियम झाला की स्त्रियांनी यात उतरू नये. त्यासाठी जी कारणे पुढे आली त्यात एक कारण असे होते की, बाईचा लांब झगा पायांवर येतो आणि पंचांना तिची पावले दिसत नाहीत. म्हणजे समाजाने आधी पाय झाकायला सांगितले, आणि मग पाय दिसत नाहीत म्हणून खेळाबाहेर काढले. सायर्सबाईंनी झगा पोटरीपर्यंत आखूड केला. 1906 पासून स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक त्यांनीच घेतले.

पुढे 1924 साली नॉर्वेची सोन्या हेनी अवघ्या अकराव्या वर्षी ऑलिम्पिकला आली. ती शेवटची आली, पण तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंतच होता. मोठ्या बायकांनी तसा घातला असता तर गहजब झाला असता. ही लहान पोर होती, म्हणून चालून गेले. आखूड फ्रॉकमध्ये पाय मोकळा राहतो, उडी मारता येते, हे सगळ्यांच्या लक्षात आले. पोर मोठी झाली तरी तिने आखूड झगा सोडला नाही आणि 1928, 1932, 1936 अशी तीन सुवर्णपदके जिंकली. हळूहळू तोच सगळ्यांचा पोशाख झाला. मला हे वाचून आमच्या गल्लीतल्या पोरी आठवल्या. दहा वर्षांची होईपर्यंत फ्रॉक घालून ती चिंचेवर चढते, मुलांबरोबर विटी-दांडू खेळते, कुणी काही म्हणत नाही. मग एका दिवशी ओढणी येते. ओढणीबद्दल माझी तक्रार नाही, मीही घेते. तक्रार ही की ओढणीच्या मागोमाग चिंच जाते, विटी-दांडू जातो, धावणे जाते. कपडा वाढतो तेवढे अंगण कमी होते. हेनीने आपले बालपणीचे अंगण सोबत नेले, एवढाच तिचा पराक्रम.

पण याच आखूड झग्याची पुढे सक्ती झाली, हे लक्षात ठेवायला हवे. 1988 च्या मोसमात पूर्व जर्मनीच्या काटारिना विटने स्कर्टऐवजी कमरेभोवती नुसती पिसे लावलेला पोशाख घातला. त्याच वर्षी अमेरिकेच्या डेबी थॉमसने स्कर्टच न घालता अंगभर घट्ट पोशाख घातला. पहिलीने कमी घातले म्हणून आणि दुसरीने वेगळे घातले म्हणून चर्चा झाली. त्यानंतर नियम आला तो असा की, बाईने स्कर्ट घातलाच पाहिजे. उघडे पाय कुणाला खटकत असतील तर त्यावर हा उपाय नव्हताच, कारण पायभर विजार घालण्याची वाट त्याने बंद केली. 2004 साली तो नियम गेला आणि स्त्रियांना विजार घालून उतरायची मोकळीक मिळाली. सोळा वर्षे लागली. आपल्याकडे असे नियम केवळ मौलवीसाहेब किंवा घरातले बुजुर्ग करतात असे ज्यांना वाटते त्यांनी ही सोळा वर्षे ध्यानात ठेवावीत.

आता ज्या मुलीमुळे मी या विषयाकडे वळले तिच्याबद्दल लिहिते. अबुधाबीची झाहरा लारी. लहानपणी एक इंग्रजी सिनेमा पाहून तिला या खेळाचे वेड लागले. वडिलांनी शिकू दिले, पण स्पर्धेत लोकांसमोर उतरायला मना केली. तिने ऐकले. मग एकदा ती वडिलांसोबत स्पर्धा पाहायला गेली आणि कडेला उभी राहून दुसऱ्या मुलींसाठी टाळ्या वाजवू लागली. वडिलांनी लेकीचे डोळे पाहिले आणि परवानगी दिली. 2012 साली, सतराव्या वर्षी, इटलीतल्या कानाझेई या गावी ती संयुक्त अरब अमिरातीकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अंगभर पोशाख आणि डोक्याला हिजाब. पंचांनी हिजाबापोटी गुण कापले. ती आणि तिच्या देशाची मंडळी गप्प बसली नाहीत. रीतसर म्हणणे मांडले, समजावून सांगितले. पुढे डोके झाकण्यावरून गुण कापणे थांबले.

मी तिची चित्रफीत मोकळ्या तासाला आठवीच्या मुलींना मोबाइलवर दाखवली. पंचवीस डोकी एका मोबाइलवर! आधी सगळ्यांनी तिची विजार पाहिली, मग हिजाब, आणि सगळ्यांत शेवटी उडी. गुण कापल्याचे सांगितल्यावर एकीने विचारले, “आपा, उनो गिरी क्या?”

“नाही, पडली नाही.”

“फिर नंबर कायकू काटे?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.ला मूल्यमापनाचा पेपर असतो. ज्या गोष्टीची परीक्षा आहे तिचेच गुण द्यावेत, असे आम्हाला शिकवतात. गणिताच्या पेपरला अक्षराचे गुण कापू नयेत. आठवीच्या पोरीने तोच मुद्दा पेपर न देता मांडला.

त्याच तासाला मुलींनी इतर खेळाडूंच्या उघड्या पाठी पाहून ‘तोबा’ केले. तेव्हा त्यांना मी सांगितले की जी पाठ उघडी दिसते ती बहुधा उघडी नसते. कातडीच्या रंगाची ताणणारी बारीक जाळी असते आणि तिच्यावर खडे चिकटवलेले असतात. दुरून कातडी वाटते, जवळून कापड आहे. कुणाचा विश्वास बसेना. आपण दुरून पाहून ज्यांच्याबद्दल मत ठरवतो त्यांच्यापाशी असे किती कापड असेल, कोण जाणे. आणि उघडे पडण्याची भीती त्यांनाही आपल्याइतकीच असते. 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिसच्या गळ्यामागचा हूक नाच सुरू होताच निसटला. तिने तशाच अवस्थेत, पोशाख सांभाळत, नाच पुरा केला. दुसऱ्या दिवसाचा नाच तिने आणि तिच्या जोडीदाराने अप्रतिम केला, पण एकूण 0.79 गुणांनी सुवर्णपदक हुकले. हे ऐकताना वर्गातल्या मुलींचे हात आपसूक खांद्यावरच्या पिनांकडे गेले. सेफ्टीपिन निसटण्याची धास्ती काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पोशाखात आणखी एक प्रश्न लपलेला असतो. कुणाचा पोशाख कुणी घालावा? 2010 साली या खेळात जोड्यांना लोकनृत्याचा विषय होता. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी आपल्या हिंदी सिनेमाची गाणी घेतली, भारतीय नृत्य जाणणाऱ्या बाईंकडून हातवारे शिकून घेतले आणि आपल्याकडचा वाटावा असा पोशाख केला. ते लोकांना आवडले. त्याच वेळी रशियाच्या डोम्निना आणि शाबालिन या जोडीने ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा म्हणून एक पोशाख केला. अंगभर गडद कपडा, त्यावर पांढरे पट्टे आणि पाने. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या पुढाऱ्यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, हा आमचा अपमान आहे. मग व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकला त्या जोडीने पोशाख बराच सौम्य केला.

आमच्या भागात हा प्रश्न दरवर्षी स्नेहसंमेलनात उभा राहतो. किनवटच्या जंगलपट्ट्यात गोंड, कोलाम आणि बंजारा समाज मोठा. बंजारा बायांची काचळी, फेटिया, टुकरी, त्यांवरचे आरसे, दंडातल्या बांगड्या. बर्फावरच्या पोशाखाचे खडे आणि हे आरसे एकाच कामासाठी असतात, दुरून उजेड पकडण्यासाठी. आता तो पोशाख म्हाताऱ्या बायांच्याच अंगावर दिसतो. पण संमेलनात ‘बंजारा डान्स’ हवाच असतो आणि त्याला भाड्याचे चमचमते ड्रेस येतात. एका संमेलनात माझ्या शेजारी तांड्यावरची एक आजी बसली होती. नातीला पाहायला आली होती. नाच पाहून ती मनापासून हसली आणि म्हणाली, “बाई, ह्ये आमचं न्हाई. ह्ये सिनेमातलं हाय.” तिला राग आला नव्हता. पण नाच संपल्यावर तिने नातीला जवळ घेतले आणि टुकरी कशी घ्यायची ते हाताने नीट करून दाखवले. बुरख्यातल्या बाईचे सोंग गॅदरिंगमध्ये आले की मलाही असेच वाटते. हे आमचे नाही, सिनेमातले आहे.

आमच्या पोशाखाबद्दल बोलायचे तर माझी दादी डोळ्यांसमोर येते. ती पंचक्रोशीत निंदायला, कापूस वेचायला जायची. बुरखा तिच्याजवळ नव्हता. लुगडे नेसायची, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला घट्ट खोचायची आणि संध्याकाळपर्यंत तो पदर जागचा हलायचा नाही. नमाजला तोच पदर, कामाला तोच. काम अडू नये आणि लाज राहावी, या दोन गोष्टी तिच्या पोशाखाने सांभाळायच्या असत. त्या कशा सांभाळायच्या हे ती स्वतः ठरवायची. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्यांच्यावर पुढे 2020 साली सिनेमाही आला. ती बातमी वाचून लोकांना नवल वाटले. मला नाही वाटले. कासोट्याचे लुगडे हा आपल्या मराठी मुलखातल्या कष्टकरी बायांनी स्वतःच्या हिकमतीने तयार केलेला खेळाचाच पोशाख आहे, फक्त तो खेळ शेतात चालतो.

स्वतः ठरवण्याची गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामीनाथन 2009 साली मुलींची ज्युनिअर जगज्जेती झाली. 2018 साली इराणमध्ये हमदानला आशियाई सांघिक स्पर्धा होती. तिथे डोक्याला रुमाल सक्तीचा, म्हणून तिने भारतीय संघातून आपले नाव काढून घेतले. तेव्हा आमच्यातल्या काहींना ती आपल्याविरुद्ध बोलते आहे असे वाटले. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही. सुंकांबा सिला ही धावपटू अखेर उद्घाटनाला टोपी घालून गेली. तेव्हा त्याच मंडळींना तिचे दुःख कळले. मला या दोघी एकाच बाजूच्या वाटतात. एकीला नको असताना डोक्यावर घाल म्हणाले, दुसरीला हवा असताना काढ म्हणाले. सौम्याची बाजू ज्याला घेता येत नाही त्याने झाहराची बाजू घेऊ नये. तसेच झाहराचे गुण कापले गेले त्याचे ज्याला काही वाटत नाही त्याने सौम्याच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाऊ नयेत.

हे सगळे लिहायला सोपे आहे. शाळेच्या मैदानात काय होते ते सांगते. आमच्याकडे मुली खो-खो खेळतात. हा आपल्या मातीतला खेळ, याला बर्फ लागत नाही, फक्त दोन खांब आणि दम लागतो. मराठवाड्याच्या मुलींनी यात नाव काढले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवच्या सारिका काळे हिला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, तेव्हा कर्णधार महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे होती. आमच्या वर्गातली सगळ्यांत चपळ मुलगी मात्र स्पर्धेच्या आठ दिवस आधी मैदानावर यायची बंद झाली. मी घरी गेले. तिचे वडील मिस्त्रीकाम करतात. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि सरळ सांगितले, “आपा, खेलने कू मना नै मेरा. पन वो हाफ चड्डी नक्को.”

मी म्हटले, “भाई, मसला खेळाचा आहे की चड्डीचा?”

“चड्डी का.”

“मग चड्डीचाच तोडगा काढू.”

तोडगा मी काढला नाही, मुलींनाच काढायला लावला. बाराजणी गोल करून बसल्या. सलवारीचा घेर बसल्या जागेवरून उठताना पायाच्या अंगठ्याखाली येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून सलवार बाद. ओढणी पाठीमागे गाठ मारली तरी खांबावर अडकते, म्हणून ओढणी बाद. पिना टोचतात, म्हणून पिना बाद. राहिले ते बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाची घोट्याला आवळलेली विजार, पूर्ण बाहीचा लांब टी-शर्ट आणि डोक्याला त्याच कापडाची, कानामागून जाणारी रबरी पट्टीची टोपी. गणवेश शिवणाऱ्या दर्जीचाचांनी पहिली टोपी शिवली ती सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. दुसरी घट्ट झाली. तिसरी बसली. दोघी म्हणाल्या, आम्हाला टोपी नको. लगेच कुजबुज सुरू झाली. जिच्यासाठी हे सगळे घडत होते तीच मिस्त्रींची मुलगी म्हणाली, “नक्को तो नक्को. मेरी टोपी मेरे सर पे, उनकी चोटी उनके सर पे.” एवढ्या थोड्या शब्दांत मला हा लेख लिहिता आला असता तर बरे झाले असते.

स्पर्धेच्या ठिकाणी एका पंचांनी हरकत घेतलीच. संघाचा पोशाख एकसारखा हवा, काहींच्या डोक्यावर आहे, काहींच्या नाही, हे कसे? मी त्यांना टोपी हातात दिली. रंग टी-शर्टचाच, पिन नाही, गाठ नाही, कुणाला इजा होईल असे काही नाही. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. समोरच्या संघाचे सर म्हणाले, “खेळू द्या हो, पोरी खेळायला आल्यात.” पंचांनी टोपी परत केली आणि शिट्टी वाजवली. मिस्त्रीभाई कुंपणाबाहेर सायकलला टेकून उभे होते. दुसऱ्या डावात लेकीने खांबाजवळ सूर मारून गडी बाद केला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, मग इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा वाजवली.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो. समोरच्या मुली आमच्यापेक्षा जोरात धावत होत्या. हरण्याचे दुसरे काहीही कारण नव्हते.